अकादमी संपली, आता मोठ्यांचा फुटबॉल: 16 ते 21 वयाच्या खेळाडूंचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि गोव्यातल्या मैदानांवर पालक दर हंगामाच्या शेवटी जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं प्रशिक्षकाच्या नजरेतून दिली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी ती तुम्हाला आवडणार नाहीत.

अकादमीत सगळ्यांच्या पुढे असलेला मुलगा मोठ्यांच्या सामन्यात दिसेनासा का होतो?

बहुतेक वेळा त्याचा खेळ बिघडलेला नसतो. त्याच्याकडचा वेळ कमी झालेला असतो. समवयस्कांमध्ये चेंडू पायात आला की डोकं वर करून बघायला क्षणभर सवड मिळते. मोठ्यांमध्ये चेंडू यायच्या आधीच पाठीवर 27 वर्षांचा बचावपटू असतो. तो या मुलापेक्षा वेगाने धावत असेलच असं नाही, पण कुठे उभं राहायचं हे त्याला ठाऊक असतं आणि पंचाचं लक्ष नसताना कोपर कुठे ठेवायचं हेही.

दुसरं कारण शरीराचं. वयोगटाच्या स्पर्धांत जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली आणि लवकर वाढलेली मुलं उठून दिसतात. जगभर हे दिसून आलं आहे. अशा मुलाला 14 व्या वर्षी फक्त पळून गोल करता आलेले असतात, म्हणून बाकीचं शिकायची गरजच पडलेली नसते. 19 व्या वर्षी सगळ्यांची उंची-ताकद सारखी झाली की त्याच्याकडे दुसरा डाव उरत नाही. उलट, लहानखुरा म्हणून बाकावर बसलेल्या पोराने चेंडू लपवायला शिकून घेतलेलं असतं. माझ्या मते पालकांनी 13-14 व्या वर्षीच्या ट्रॉफ्यांवरून कुठलाही निष्कर्ष काढू नये.

तिसरं कारण निकालाचं. अकादमीत चूक केली तर प्रशिक्षक थांबवून समजावतो. मोठ्यांच्या संघात त्याच चुकीने संघाचे तीन गुण जातात आणि पुढच्या सामन्यात नाव यादीत नसतं. हा बदल कोणी आधी सांगून ठेवला नसेल तर मुलगा गोंधळतो.

मोठ्या क्लबच्या राखीव संघात राहावं की लहान क्लबच्या मुख्य संघात जावं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. माझं उत्तर सरळ आहे: जिथे मोठ्या माणसांविरुद्ध, गुणांसाठी, नियमित 90 मिनिटं खेळायला मिळतात तिथे जा. जर्सीवरचं नाव नंतर बघा.

भारतीय फुटबॉलने हा प्रयोग स्वतः करून पाहिला आहे. एआयएफएफने, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने, तरुण खेळाडूंचा एक आख्खा संघच आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवला होता. 2010 ते 2013 या काळात तो पैलान अ‍ॅरोज या नावानेही ओळखला गेला आणि 2017 मध्ये इंडियन अ‍ॅरोज म्हणून पुन्हा उभा राहिला. परदेशी खेळाडू नाहीत, सगळी पोरं विशीच्या आसपासची, आणि समोर पगारी, अनुभवी संघ. अ‍ॅरोज भरपूर सामने हरले. पण पहिल्या टप्प्यातून जेजे लालपेखलुआ आणि प्रीतम कोटाल यांच्यासारखे खेळाडू पुढे आले. दुसऱ्या टप्प्यात 17 वर्षांखालील विश्वचषक खेळलेली मुलं होती. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यातलाच. पुण्यातली क्रीडा प्रबोधिनी, मग पुणे एफसीची अकादमी, 2017 चा विश्वचषक, त्यानंतर अ‍ॅरोज आणि पुढे जमशेदपूर आणि हैदराबाद, असा त्याचा प्रवास. यात मला विश्वचषकाइतकंच महत्त्व अ‍ॅरोजच्या हंगामाचं वाटतं, कारण दर आठवड्याला मोठ्यांशी गाठ तिथे पडली.

2022 मध्ये अ‍ॅरोज बंद झाला. त्याच वर्षी गोव्यात रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. ती मुख्यतः 21 वर्षांखालच्यांसाठी आहे आणि आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या सर्वोच्च लीगच्या, क्लबांचे तरुण संघ तिच्यात खेळतात. पहिल्याच वर्षी बेंगळुरू एफसीने ती जिंकली आणि त्या संघातला शिवशक्ती नारायणन पुढच्या आयएसएल हंगामात मुख्य संघाकडून गोल करत होता. म्हणजे वाट आहे. पण या लीगमध्ये समोर पुन्हा समवयस्कच असतात. स्पेनमध्ये बार्सिलोना किंवा रेआल माद्रिदचा दुसरा संघ मोठ्यांच्याच लीगमध्ये खेळतो, तसं हे नाही. म्हणून राखीव संघात दोन वर्षं झाली आणि मुख्य संघाच्या सरावालाही बोलावणं येत नसेल, तर भाड्याने, म्हणजे लोनवर, पाठवा असं क्लबला स्पष्ट विचारा. आयएसएलच्या खालचे राष्ट्रीय स्तर, गोव्याची प्रोफेशनल लीग, मुंबईतली वरची लीग यांत कमीपणा मानायचं कारण नाही.

क्लब निवडण्याआधी तिथल्या प्रशिक्षकाला एवढंच विचारा: गेल्या हंगामात 20 वर्षांखालच्या किती खेळाडूंना तुम्ही सुरुवातीच्या अकरात उतरवलं? नावं सांगता आली तर ठीक. "आमच्याकडे तरुणांना संधी असतेच" एवढंच ऐकू आलं तर पुढे चला.

कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून खेळू द्यावं का? अकादमीवाले नको म्हणतात.

अकादमीवाल्यांची भीती खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. शाहू स्टेडियमची गॅलरी भरलेली असताना पाटाकडील विरुद्ध शिवाजी, किंवा दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस या स्थानिक संघांच्या सामन्यात 18 वर्षांच्या मुलाला जे शिकायला मिळतं ते कुठल्याही बंदिस्त कॅम्पसमध्ये मिळत नाही. हजारो लोक नाव घेऊन ओरडत असताना पेनल्टी मारणं हे सरावात शिकवता येत नाही. आपल्याकडे मोठ्यांच्या फुटबॉलची अशी शाळा आयती आहे आणि आपण तिच्याकडे फक्त ईर्षेचा खेळ म्हणून बघतो, याचं मला नवल वाटतं.

धोके तीन. पहिला, सामन्यांची गर्दी. लीग संपली की एकामागून एक चषक स्पर्धा लागतात, उन्हाळा चढतो, मैदान टणक होतं आणि पोरगं दुखऱ्या घोट्यावर बर्फ लावून पुन्हा उतरतं, कारण पेठेला नाही म्हणता येत नाही. "या आठवड्यात तो खेळणार नाही" हे संघाच्या ज्येष्ठांना पालकांनी सांगायचं असतं. मुलाच्या तोंडून ते येणार नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. दुसरा धोका, पद्धतीचा: चेंडू उंच मारायचा आणि मागे धावायचं, एवढंच करायची सवय लागली तर पुढे अडचण येते. तिसरा, रोखीच्या बक्षिसांच्या छोट्या स्पर्धा. क्लबशी करार असेल तर तिथे खेळणं बहुधा कराराविरुद्ध असतं आणि दुखापत झाली तर विमा नसतो.

एक हंगाम पेठेकडून जरूर खेळावा. मात्र विशीनंतरही तोच हंगाम पुन्हा पुन्हा चालला असेल, तर आपण गल्लीतला नायक होऊन थांबलोय का, हे मुलाने स्वतःला विचारावं. थांबणं वाईट नाही. नोकरी सांभाळून पेठेची जर्सी घालणारे कित्येक जण अत्यंत समाधानी आहेत. फक्त तो निर्णय विचारपूर्वक असावा.

अकादमीने काढून टाकलं. आता?

पहिले पंधरा दिवस काही ठरवू नका. मुलाला जेवू द्या, झोपू द्या, मित्रांत जाऊ द्या. सात-आठ वर्षं त्याची ओळखच "फुटबॉलवाला" अशी होती. ती एका फोनवर संपली, तर घरात शांतता पसरते, आणि त्या शांततेत "आता अभ्यासाला लाग" हे वाक्य फार लागतं. मुलगा कोणाशीच बोलेनासा झाला, झोप-जेवण तुटलं, तर समुपदेशकाकडे न्यायला संकोच करू नका. इंग्लंडमध्ये क्रिस्टल पॅलेसने 2022 मध्ये सोडून दिलेल्या अकादमी खेळाडूंसाठी तीन वर्षांच्या मदतीची योजना जाहीर केली होती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी निरोपाचा कागदही धड मिळत नाही.

तो कागद मात्र मागून घ्या. एआयएफएफच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, मुलाची नोंद जुन्या क्लबकडे अडकून राहिली तर नव्या क्लबला त्याला उतरवता येत नाही. सुटका झाल्याची नोंद, वैद्यकीय तपासण्यांचे अहवाल आणि सामन्यांचे व्हिडिओ या तीन गोष्टी संबंध चांगले असतानाच हाती घ्या.

आणि काढलं म्हणजे संपलं असं नाही. गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस किशोरवयात दक्षिण आफ्रिकेतल्या अकादमीत गेला, इंग्लंडमध्ये चाचण्या दिल्या, परत आला, दुखापतींतून गेला, दोन-तीन क्लब बदलले. एफसी गोवामध्ये त्याचा जम 2017 नंतर बसला आणि भारताच्या मुख्य संघात तो 2019 मध्ये आला. मुंबईचा राहुल भेके मुंबई एफसीसारख्या क्लबातून वर आला आणि 2019 च्या आयएसएल अंतिम सामन्यात जादा वेळेत बेंगळुरूचा विजयी गोल त्याने केला तेव्हा तो 28 वर्षांचा होता.

मुलगा स्ट्रायकर आहे. त्याला मिडफिल्डर का करताहेत?

कारण बाजार. आपल्या वरच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंवर मर्यादा असली, तरी त्या मोजक्या जागा क्लब बहुधा गोल करणाऱ्यावर आणि मधल्या फळीच्या कण्यावर खर्च करतात. त्यामुळे भारतीय तरुणाला बगलेवर, फुलबॅकला किंवा गोलात जागा लवकर मिळते. प्रशिक्षक जागा बदलून बघत असेल तर भांडू नका. 17 व्या वर्षी दोन जागा खेळता येणं हा फायदाच आहे. पण बदल दर महिन्याला होत असेल, तर मुलगा केवळ रिकामी जागा भरतोय असं समजा आणि बोला.

पहिला करार आला आहे. काय बघायचं?

आकड्याआधी मुदत. 18 वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार फिफाचे नियम मान्य करत नाहीत. कोणी पाच वर्षांवर सही मागत असेल तर तिथेच थांबा. मग बघा: दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा आणि त्या काळात पगार चालू राहतो का? राहणं-जेवण पगारात धरलंय की वेगळं? करार वाढवायचा हक्क फक्त क्लबला आहे का? लोनवर पाठवताना मुलाची संमती लागते का? परीक्षेसाठी रजा आहे का? हे शेवटचं विचारलं की काही लोक हसतात. हसू द्या.

सही केलेली प्रत त्याच दिवशी घरी न्या. पगार थकला तर फोनवर विनवण्या करत बसू नका, लेखी मागणी करा. फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचे पगार बेकायदेशीरपणे थकले आणि लेखी नोटिशीनंतर 15 दिवसांतही मिळाले नाहीत, तर खेळाडूला करार मोडता येतो. अडलं तर खेळाडूंची संघटना आहे, फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया, आणि एआयएफएफची खेळाडू-दर्जा समिती आहे.

लहान क्लब चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. तुम्ही घडवलेला खेळाडू पुढे परदेशी क्लबकडे गेला, तर प्रशिक्षणाची भरपाई 12 ते 21 या वयातल्या नोंदींवरून ठरते. करार चालू असताना पैसे मोजून बदली झाली तर त्या रकमेच्या 5 टक्के वाटा 12 ते 23 या वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. देशातल्या बदल्यांना एआयएफएफचे वेगळे नियम आहेत. पण नोंदच केली नसेल तर हक्क सिद्ध कसा करणार? मुलं वर्षानुवर्षं आपल्या मैदानावर घाम गाळतात आणि कागदावर ती दुसऱ्याच क्लबची असतात, हे चित्र आपल्याकडे फार दिसतं.

एजंट लागतो का?

पहिल्या करारासाठी बहुधा नाही. कागद समजणारा वकील किंवा जाणता प्रशिक्षक पुरतो. एजंट घेणार असाल तर त्याच्याकडे फिफाचा परवाना हवा. त्यासाठी परीक्षा असते आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर बघता येते. अल्पवयीन खेळाडूशी बोलण्याआधी पालकांची लेखी परवानगी घेणं एजंटवर बंधनकारक आहे आणि खेळाडूशी त्याचा करार दोन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. मैदानाबाहेर थेट मुलाचा नंबर मागणारा "ओळखीचा दादा" यातलं काहीच पाळत नाही.

स्पेनमध्ये ट्रायल आहे, काही लाख भरा म्हणतात.

भरू नका. 18 वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली फिफाने मोजके अपवाद वगळता बंदच केलेली आहे, त्यामुळे 16 व्या वर्षी परदेशी क्लबकडून "निवड" होण्याच्या गोष्टींत बहुधा तथ्य नसतं. पैसे भरून चार आठवडे प्रशिक्षण घेता येतं, अनुभव म्हणून ते वाईटही नाही, पण ती सहल आहे एवढं समजून जा. खऱ्या क्लबला खेळाडू हवा असतो तेव्हा तो पालकांकडून पैसे घेत नाही. अनिकेत जाधवला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये काही काळ सराव करता आला, तो क्लब पुण्याच्या व्यंकीज समूहाच्या मालकीचा आहे, आणि तोवर तो विश्वचषक खेळून झाला होता. क्रम लक्षात घ्या.

क्लबच बंद पडला तर?

हा प्रश्न महाराष्ट्रात काल्पनिक नाही. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये थांबला. 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी दोन-तीन वर्षांत मैदानातून गेला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. 2017 मध्ये मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स गेले, 2019 मध्ये एफसी पुणे सिटी. जुलै 2025 मध्ये तर खुद्द आयएसएलचाच पुढचा हंगाम अनिश्चित काळासाठी लांबणीवर टाकला गेला. मालकाचं मन किंवा धंदा बदलला की अकादमीच्या वसतिगृहातली मुलं बॅगा भरतात. म्हणून मुलाचं शिक्षण क्लबच्या भरवशावर सोडू नका आणि दुसऱ्या एखाद्या क्लबच्या प्रशिक्षकाशी ओळख कायम ठेवा.

बारावी, कॉलेज आणि फुटबॉल एकत्र जमतं का?

जमवावंच लागतं. आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि संतोष करंडकासाठी राज्य संघाच्या निवडी या अजूनही निवडकर्त्यांच्या नजरेत यायच्या जागा आहेत. शिवाय रेल्वे, नौदल, बँका यांचे संघ हा मराठी घरांना समजणारा मार्ग आहे: नोकरीही आणि मोठ्यांचा फुटबॉलही. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्यात चालत नाही आणि क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्रं फ्रेम करण्याआधी त्यांची ही बाजू तपासा.

जिम, प्रोटीन पावडर, आहार?

ताकदीचा व्यायाम हवाच, पण आधी स्वतःच्या वजनावरचा. नंतर जाणकाराच्या देखरेखीखाली वजनं. सरावाआधी फिफाचा 11+ हा साधारण 20 मिनिटांचा वॉर्मअप नियमित केला तर दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलं आहे. तो फुकट आहे आणि तरीही निम्मे संघ तो टाळून गोलवर शॉट मारायला लागतात. पावडरचं म्हणाल तर अंडी, दूध, डाळ, उसळ, मटण यांनी काम होतं. बाजारातल्या काही पूरक पदार्थांत बंदी असलेले घटक निघतात आणि नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत सापडल्यावर "मला माहीत नव्हतं" हे चालत नाही.

मुलींसाठी हेच लागू आहे का?

काही बाबतींत त्यांची वाट जास्त खडतर आहे. इंडियन वुमेन्स लीग 2016-17 पासून आहे. 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. पण 17 आणि मुख्य संघ यांच्या मधल्या पायऱ्या मुलांपेक्षा फारच कमी आहेत. त्यामुळे गुणी मुलगी थेट मोठ्या बायकांच्या संघात जाते किंवा खेळच सोडते. ज्या गावात मुलींचा संघ नाही तिथे तिला मुलांबरोबर सराव करू द्या, त्याने वेग वाढतो. गुडघ्याच्या एसीएल दुखापतीचा (आतला अस्थिबंध फाटण्याचा) धोका मुलींना जास्त असतो, तेव्हा उडी मारून खाली येण्याची पद्धत शिकवणारा प्रशिक्षक शोधा. मासिक पाळीबद्दल संघात मोकळेपणाने बोलता येतं का, हेही क्लब निवडताना बघावं.

सामन्याच्या वेळी आम्ही काय करावं?

गप्प बसा. परतीच्या गाडीत तर नक्कीच.

किती वर्षं वाट बघायची?

माझा अंदाज 23 पर्यंतचा. तोवर कुठल्याही स्तरावर, पण सलग दोन हंगाम मुख्य संघात नियमित खेळला असेल तर पुढे जायला हरकत नाही. 23 व्या वर्षीही तो फक्त सराव करणारा राखीव खेळाडू असेल, तर प्रशिक्षकाचा डी परवाना, पंचाची परीक्षा किंवा फिजिओथेरपीसारखं शिक्षण यांचा विचार सुरू करावा. खेळ चालू ठेवूनही हे करता येतं.

ट्रायलला जाताना सोबत काय न्यायचं?

मूळ जन्मदाखला आणि आधार, कारण वयचोरीच्या संशयामुळे कागद नीट तपासतात आणि हाडांच्या वयाची चाचणीही होऊ शकते. सीआरएस क्रमांक. दोन प्रकारचे बूट, कारण मैदान गवताचं की टर्फचं हे तिथे गेल्यावरच कळतं. पूर्ण सामन्याचा एक व्हिडिओ, कारण निवडलेल्या गोलांच्या क्लिपा सगळेच आणतात आणि चेंडू पायात नसताना तुमचा मुलगा कुठे उभा असतो हे त्यात दिसत नाही. जेवणाचा डबा. आणि वडील येणार असतील तर त्यांनी मैदानाच्या दूरच्या टोकाला थांबावं.